दुसऱ्याच्या हातचा निबंध

शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. पण मराठीची बाई म्हटली की लग्नपत्रिकेपासून श्रद्धांजलीपर्यंत सगळं तिच्याकडेच येतं. शाळेचा मोठा सोहळा ठरला, स्मरणिका काढायचं ठरलं, माजी विद्यार्थिनींची समिती बसली आणि समितीने मला न विचारताच टाळ्या वाजवल्या. मी याच शाळेत शिकले, याच शाळेत शिकवते, दोन-तीन वर्षांत इथूनच निवृत्त होऊन घरी जाईन. म्हणजे इतिहास मीच लिहायचा. हो म्हणाले, आणि आता भोगते आहे.

आमची शाळा म्हणजे गोंदियातली मुलींची सरकारी शाळा, आठवी ते दहावी. सरकारी म्हणून इथे कोणी नाक मुरडत नाही, उलट नाक घासत येतात. माझ्या वेळी सातवीपर्यंत पोरगी गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकायची, आणि हुशार निघालीच तर तिथले गुरुजी बापाला म्हणायचे, हिला गोंदियाच्या परीक्षेला बसवा. आधी लेखी, मग तोंडी. आमगाव, सालेकसा, तिरोडा, देवरी, कुठून कुठून मुली यायच्या आणि जागा फक्त चाळीस. जिला जागा मिळाली तिला वसतिगृहात खाट मिळायची, दोन वेळचं जेवण मिळायचं, आणि दहावी झालेली मुलगी नर्स नाहीतर शिक्षिका होणारच असं लोक धरून चालायचे. आता कायद्याने आठवीला परीक्षा घेता येत नाही. मग आम्ही काय केलं? तिचं नाव 'ओळख चाचणी' ठेवलं. प्रश्न तेच, खुर्च्या त्याच, आणि त्यातल्या एका खुर्चीत गेली कित्येक वर्षं मी.

इतिहास तसा भरपूर आहे आणि ऐकायला गोडही आहे. इंग्रजांच्या वेळच्या जुन्या प्रांताच्या काळात स्टेशनकडच्या एका भाड्याच्या घरात शाळा सुरू झाली. अर्ध्या मुली हिंदीत शिकायच्या, अर्ध्या मराठीत. पडदा लावलेली रेंगी, म्हणजे छोटी बैलगाडी, दारोदार फिरून मुली गोळा करायची आणि गाडीवानाच्या शेजारी एक म्हातारी बसून प्रत्येक दारात 'पोरी चला वो' अशी हाक द्यायची. पुढे दगडी इमारत झाली, वसतिगृह झालं. कार्यालयात सगळ्या मुख्याध्यापिकांच्या तसबिरी ओळीने लावल्यात. कोणी पुण्याच्या, कोणी जबलपूरच्या, कोणी नागपूरच्या. आमच्या झाडीपट्टीतली, या पूर्वेकडच्या जंगलमुलखातली, एकही नाही. हे वाक्य मी लेखात लिहिलं होतं, ते खोडलं गेलं. पण खोडाखोडीचं पुढे सांगते.

जुने कागद बघायला म्हणून मी दप्तरखोलीत बसले. बाबूंनी गठ्ठे आणून आपटले. 'बाई, खोकला लागन, तोंडाले रुमाल बांधा,' म्हणाले आणि निघून गेले. चौथ्या का पाचव्या गठ्ठ्यात तोंडी परीक्षेची नोंदवही सापडली. आमच्या वर्षाचं पान मी मुद्दाम काढलं नाही, बोटांनीच काढलं म्हणा. पहिल्या ओळीत एका मुलीचं नाव होतं, गाव चिचगडच्या पुढचं, लेखी परीक्षेत पहिली. त्या ओळीवरून लाल शाईने रेघ मारलेली. शेवटच्या रकान्यात शेरा: 'निबंध दुसऱ्याच्या हातचा. प्रवेश नाकारला.' आणि पुरावा म्हणून तो निबंधाचा कागद तिथेच टाचलेला. टाचणी गंजून कागदाला तांबडा डाग पडला होता. पानाच्या तळाशी प्रतीक्षा यादीतलं पहिलं नाव माझं. माझ्यापुढे शेरा: 'वरील रिक्त जागेवर प्रवेश.'

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो मी.

ती आणि मी एका गावच्या, एका वर्गातल्या. माझे वडील तिथल्या शाळेत गुरुजी होते. तिच्या बापाकडे दोन बांध्यांची धानाची शेती, बाकी वेळ मजुरी, आणि उन्हाळ्यात मोहा-तेंदू. घर बौद्ध मोहल्ल्यात. बापाला अक्षरओळख नव्हती, पण लेकीच्या शिक्षणाचं त्याला वेड होतं. वेड म्हणजे खरंच वेड. रोज संध्याकाळी तो तिला दिवसभराचा धडा मोठ्याने वाचायला लावायचा आणि खांबाला टेकून ऐकायचा. ती वर्गात पहिली, मी दुसरी. हे चौथीपासूनचं. माझ्या वडिलांना ते सलायचं, पण माणूस तसा सरळ. त्यांनीच तिच्या बापाला सांगितलं, पोरीला परीक्षेला बसव. तिच्या फॉर्मवर सहीसुद्धा त्यांचीच.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या झाडीपट्टीत बायाही 'मी जातो, मी येतो, मी करतो' असंच म्हणतात. पुस्तकातल्या बायका जाते-येते करतात, आमच्या नाही. नवरा 'मी जातो' म्हणतो, बायकोही 'मी जातो' म्हणते, आणि कोण गेलं ते सगळ्यांना बरोबर कळतं. माझी स्वतःची आई चुलीपुढे बसून म्हणायची, 'थांब, भात घालतो.' वडील गुरुजी असल्यामुळे आमच्या घरात पुस्तकी भाषेचा धाक होता. ते आईला टोकायचे, ती 'बरं जी' म्हणायची आणि पुन्हा 'घालतो' म्हणायची. मला मात्र त्यांनी छडीने सुधारलं होतं. मी पाचवीपासून 'जाते' म्हणत होते आणि गावातल्या पोरी मला 'जातेवाली' म्हणून चिडवायच्या.

तोंडीच्या दिवशी आम्ही चौघं एकाच मोटरने गोंदियाला आलो. मी, माझे वडील, ती, तिचा बाप. ती लेखीत पहिली आल्याचं गावात सगळ्यांना माहीत झालं होतं. माझं नाव प्रतीक्षा यादीत. माझे वडील रस्ताभर गप्प. तिचा बाप मात्र देवरी येईस्तोवर तिला 'सांग बरं, पंधरा साते?' असं विचारत होता आणि ती खिडकीबाहेर बघत फटाफट उत्तरं देत होती. त्याने धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि चपला हातात धरल्या होत्या, शाळेच्या फाटकापाशी पायात घालायला.

तिला आत बोलावलं. आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर. दार अर्धं उघडं होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. मोठ्या बाई, म्हणजे तेव्हाच्या मुख्याध्यापिका, पुण्याकडच्या होत्या. आवाज कडक, साडी त्याहून कडक. शेजारी दोघं जण, त्यांतले एक गुरुजी साकोलीकडचे. बाईंनी निबंध मोठ्याने वाचला. विषय होता 'माझी दिनचर्या'. तोच कागद परवा माझ्या हातात आला, म्हणून शब्दन् शब्द सांगते.

'मी पहाटे उठतो. शेण काढतो. मोहाच्या दिवसांत मी आईसोबत टोपली घेऊन जंगलात जातो. मोहा वेचताना मी पाढे म्हणतो, त्यामुळे मोहाही होतो आणि पाढेही होतात. घरी येऊन मी लहान भावाला आंघोळ घालतो. मग मी वेणी घालतो आणि शाळेत जातो.'

बाई थांबल्या. म्हणाल्या, 'हा निबंध मुलाचा आहे. कुणाचा उतरवलास?'

ती म्हणाली, 'कोनाचाच नाही जी.'

'मग उठतो, जातो, हे काय? तुला निबंध लिहून कोण देतं?'

'मीच लिवतो जी,' ती म्हणाली.

आत कोणीतरी हसलं. तिला वाटलं असणार आपण स्वच्छ उत्तर दिलं. तिने स्वच्छच उत्तर दिलं होतं. अहो, त्या निबंधात वेणी आहे! वेणी घालणारा मुलगा बाईंना चालला, 'घालतो' म्हणणारी मुलगी नाही चालली. आणि ते साकोलीचे गुरुजी! त्यांच्या घरी त्यांची आई, बहीण, बायको, सगळ्या 'मी जातो'च म्हणत असणार. एक शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण पुण्याच्या बाईंसमोर आपल्या घरची भाषा काढायची म्हणजे लाजच की. ते चष्मा पुसत बसले.

तिला बाहेर पाठवलं आणि मला आत बोलावलं. बाईंनी माझा फॉर्म पाहिला, वडिलांचा हुद्दा पाहिला, आडनाव पाहिलं. माझ्या आडनावावर कोणाला शंका येत नसे. आवाज एकदम मऊ झाला. 'तुम्ही एकाच गावच्या ना? मग खरं सांग. तुमच्या गावात मुली, बायका अशा बोलतात का? मी उठतो, मी जातो?'

मी तेरा वर्षांची होते. मूर्ख नव्हते. मला प्रश्न कळला होता आणि त्या प्रश्नावर काय अडकलंय तेही कळलं होतं. हो म्हटलं तर तिची जागा तिला. नाही म्हटलं तर मला. एवढं साधं गणित होतं, पंधरा साते एकशे पाचपेक्षा सोपं.

मी म्हणाले, 'नाही बाई. मी तर जाते म्हणते.'

बघा कशी तासून बोलले. दुसरं वाक्य अगदी खरं आहे. कित्येक वर्षं मी त्या दुसऱ्या वाक्याला धरून बसले होते, की मी काय खोटं बोलले, मी जाते म्हणते तेच सांगितलं. पहिला शब्द मी सोयीने विसरायची. मी माझ्या आईलासुद्धा त्या खोलीत नाही करून टाकलं.

वडिलांनी बाहेरून ऐकलं होतं. तिचा निबंध तिचाच आहे हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, त्यांनीच तिला निबंध लिहायला शिकवलं होतं. ते उठून आत आले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. ते उठले नाहीत. परतीच्या मोटरीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि म्हणाले, 'परीक्षा आहे बाई. परीक्षेत ज्याचं त्यानं पाहावं.' ती आणि तिचा बाप मागच्या बाकावर होते. मी एकदाही मान वळवली नाही.

गावात तिचं नाव 'नक्कलवाली' पडलं. जागा गेली ती गेली, वर चोरीचा ठपका. पोरांनी तर चिडवलंच, बायकाही विहिरीवर बोलायच्या, एवढ्या मोठ्या शाळेनं पकडलं म्हणजे काहीतरी असनच. मी जूनमध्ये गोंदियाला निघून आले. मला ते रोज ऐकावं लागलं नाही.

शाळेत मी चांगली रुळले. आमच्या शाळेत एक पद्धत होती, मिशी काढायची. जी मुलगी चुकून 'मी येतो' म्हणेल तिच्या ओठावर वर्गप्रमुखाने कोळशाने मिशी काढायची आणि तिने मधल्या सुटीपर्यंत तसंच बसायचं. नव्या मुली पहिल्या महिन्यात रडायच्या, दुसऱ्या महिन्यात 'जाते' म्हणायला लागायच्या, आणि दिवाळीत घरी गेल्या की आयांना टोकायच्या. मी तिन्ही वर्षं वर्गप्रमुख. किती मिश्या काढल्या असतील त्याचा हिशेब नाही. कोळसा चुलीतून निवडून आणायची, मऊ, म्हणजे रेघ गडद येते. मला त्यात मजा यायची, कबूल करते. पुढे शिक्षिका झाले तेव्हा कोळसा गेला आणि लाल पेन आला. परवापरवापर्यंत वह्यांतल्या प्रत्येक 'जातो'भोवती मी गोल काढत होते आणि वर स्वतःला भाषाशुद्धीची फार कळकळ आहे असं समजत होते. कळकळ कसली, काळजातला चोर होता तो.

तर ती नोंदवही पाहिल्यावर मी लेखात सगळं लिहिलं. रेंगी लिहिली, दगडी इमारत लिहिली, मिशी लिहिली, आणि तिचा निबंध जसाच्या तसा लिहिला. मी काय म्हणाले तेही लिहिलं. समितीची बैठक एका राईस मिलवाल्यांच्या घरी, गार हॉलमध्ये. सगळ्या आमच्याच शाळेच्या, काही माझ्या विद्यार्थिनी. काजूकतली फिरली, लेख फिरला.

'दीदी, ये सब क्यों?' एक म्हणाली. 'इतकं जुनं कायले उकरून राहिल्या?'

'मिशीवाला किस्सा ठेवा पण,' दुसरी म्हणाली, 'लई मज्जा येते वाचायला. मला दोनदा काढली होती!' सगळ्या हसल्या. आपापल्या मिश्या आठवून हसल्या. त्यांना राग येत नव्हता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, कोणाला तरी राग येईल म्हणून.

अध्यक्षबाई नीट बोलणाऱ्या आहेत. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, 'बाई, तुमच्या भावना समजतात. पण एक सांगा, ती मुलगी आपल्या शाळेत शिकली का? नाही. ती शाळेची विद्यार्थिनीच नव्हती. मग शाळेच्या इतिहासात तिचं काय काम?'

बाप्पा! बरोबरच आहे. जिला तुम्ही दारातून हाकललं ती तुमच्या इतिहासात कशी येईल? झाडीपट्टीतली एकही मुख्याध्यापिका नाही, ते वाक्यही त्यांनी त्याच बैठकीत खोडलं, 'उगाच वाद नको' म्हणून. मी लेख परत घेतला. तुम्हीच लिहा म्हटलं, रेंगीपासून सुरू करा, छान वाटेल. घरी येऊन मी भांडी आपटली आणि नवऱ्यावर विनाकारण ओरडले. तो म्हणाला, 'तिलेच जाऊन विचार ना मग, इथं काऊन बोंबलून राहिली?'

म्हणून मी गेले. त्या तोंडीनंतर चाळीसएक वर्षांनी. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय! आईवडील गेल्यावर आमचं गावातलं घर विकलं होतं, मला तिकडे जायचं कारणच उरलं नव्हतं. ती लग्न होऊन शेजारच्याच गावात होती, हे चिचगडच्या एका विद्यार्थिनीकडून कळलं. मी नोंदवहीच्या पानाची आणि निबंधाची झेरॉक्स काढून पिशवीत ठेवली होती.

अंगणात मोहा वाळत घातला होता आणि ती त्यातला कचरा निवडत बसली होती. केस पांढरे, चष्मा दोरीने बांधलेला. माझ्याकडे बघून क्षणभर थांबली आणि म्हणाली, 'गुरुजीची पोरगी ना तू? बस जी.' सुनेला चहा ठेवायला सांगितलं. सून कौतुकाने म्हणाली, गावातल्या सगळ्यांचे अर्ज आमच्या सासूबाईच लिहितात, तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत, सातवी शिकलेल्या हायेत पण अक्षर पाहा. मी मान हलवली. मला अक्षर माहीत होतं.

मी झेरॉक्स पुढे केली. तिने शेरा वाचला. मग निबंध वाचला, ओठ हलवत, हळूहळू. मी घरून ठरवून आलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. की त्या दिवशी तुझ्यानंतर मला आत बोलावलं होतं, की मला विचारलं होतं आपल्याकडे बाया अशा बोलतात का.

'असं?' ती म्हणाली. 'हे मले माईत नव्हतं.' कागद तिने मांडीवर ठेवला. 'अना तू काय म्हनलीस?'

'नाही म्हणाले.'

मोह्यातली एक काडी उचलून तिने बाजूला टाकली. 'तुही माय तं मरेवरी मी येतो, मी जातो म्हने,' ती म्हणाली.

'हो.'

'मले वाटे माहीच चूक. का मले लिवता येत नाही बरोबर, म्हून त्यायनं काढलं. मी इतके वर्ष माह्यावरच राग करतो.'

मी म्हणाले, मला माफ कर. म्हणाले, मी तेरा वर्षांची होते गं.

'मी बी तेराचीच होती,' ती म्हणाली.

सुनेने चहा आणला. तो प्यायल्याशिवाय उठता येईना. मी चहात बघत होते. मला वाटलं आता ती मला शिव्या देईल, आणि खरं सांगते, मला त्या हव्या होत्या. शिव्या खाल्ल्या असत्या तर घरी जाऊन जेवले असते.

तिने शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली, 'जागेचं सोड. जागा एकच होती. तुले भेटली, तू शिकलीस, झालं ते झालं. पर माह्या बापानं मोटरीतच मले विचारलं, कोनाचं पाहून लिवलीस? मी म्हनलं, कोनाचंच नाही बाबा. त्यानं नाही आयकलं. म्हने, एवढी मोठी सरकारी शाळा, ते खोटं कायले लिवतीन? चिचगडले आठवीत घालू नोको म्हने हिले, नक्कल करनारीले शिकवून काय फायदा. संध्याकाळी धडा वाचाले लावे ना मले? त्या दिवसापासून नाही लावला. मरेवरी त्याले वाटत होतं, पोरगी हुशार होती पर चोरटी निंगाली.'

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

'तू दर सुट्टीत गावात येत होतीस,' ती पुढे म्हणाली. 'तो तुमच्या ओट्याच्या पायरीवर येऊन बसे. तुले शाळेचं विचारे.'

विचारायचा. कशी हाये बाई शाळा, काय शिकवतेत, लय कडक असतीन नाही? मी शहरातून आलेल्या पोरीच्या ऐटीत त्याला सगळं सांगायची. प्रयोगशाळा सांगितली, ग्रंथालय सांगितलं. तो गुडघ्यांना मिठी मारून ऐकायचा आणि मधेच म्हणायचा, 'बरं हाय, बरं हाय.' पुढे मी नोकरीला लागले, लग्न झालं, तरी माहेरी आले की यायचा. मी त्याला चहा द्यायची.

'तवा एक डाव सांगाची होतीस त्याले,' ती म्हणाली. 'मोठ्या बाईले नाही. गावाले नाही. निस्तं माह्या बापाले. तुही जागा कोनी काढून घेतली नसती.'

मी पुन्हा मूर्खासारखी म्हणाले, 'मी हे सगळं लिहिते आहे. शाळेच्या पुस्तकात नाही घेत ते, पण मी दुसरीकडे छापेन. तुझं नाव घालत नाही. लोकांना कळेल की निबंध तुझाच होता.'

तिने झेरॉक्सची नीट घडी केली आणि माझ्या पिशवीवर ठेवली.

'लिव,' ती म्हणाली. 'पर माह्या बापाले वाचता येत नव्हतं. त्याले तोंडानंच सांगा लागत होतं.'